वैद्यालाही वैद्य हवा

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील गाव. विदर्भाच्या दक्षिण सीमेवरचा, पैनगंगेच्या आसऱ्याने वसलेला हा मुलूख. नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर, नांदेड त्या मानाने जवळ. कापूस आणि सोयाबीन यांवर येथील वर्षाचे गणित बसते, आणि पावसाने ओढ दिली की तेच गणित विस्कटते. अशा गावात मन मोकळे करण्याच्या जागा ठरलेल्या असतात. अंगणात बसून विचारपूस करणारी आशाताई, शाळेतील गुरुजी, दवाखान्यातील परिचारिका, बी-बियाण्यांच्या दुकानात वर्षानुवर्षे बसणारा ओळखीचा दुकानदार, भजनी मंडळातील एखादे जाणते आजोबा. यांपैकी कोणाच्याही दारावर समुपदेशक अशी पाटी नाही. तरीही ‘आता जगून काय करायचे’ हे वाक्य प्रथम त्यांच्याच कानी पडते.

बोलणारा बोलून थोडा हलका होतो. ऐकणारा मात्र ते ओझे घेऊन घरी जातो. रात्री ताटावर बसताना त्याला ते वाक्य आठवते. आपण योग्य उत्तर दिले का? उद्या सकाळी पुन्हा जाऊन पाहावे का? कोणाला सांगावे तर त्या माणसाचा विश्वासघात होईल. न सांगावे आणि काही विपरीत घडले, तर तो दोष जन्मभर मनाला लागेल. लहान गावात ही अडचण अधिक मोठी, कारण तेथे नाव न घेता सांगितले तरी माणूस ओळखू येतो.

ऐकणाऱ्याचे कोण ऐकते, हा प्रश्न म्हणूनच केवळ शहरातील मानसतज्ज्ञांचा नाही. जो जो दुसऱ्याच्या मनाला हात घालतो, त्या प्रत्येकाचा तो आहे.

जुनी जखम, नवे हात

ढाणकीच्या शेजारीच महागाव तालुका आहे. त्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना ओळखली जाते, आणि अलीकडच्या काळात 19 मार्च या दिवशी राज्यभर अनेकजण अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात. त्यानंतर चार दशके या जिल्ह्याच्या नावामागे हे दुःख चिकटून राहिले आहे.

कर्ज, भाव, सिंचन, हवामान ही या दुःखाची मुळे. त्यांवरचा उपाय धोरणातच शोधावा लागेल. गोड बोलण्याने कर्ज फिटत नाही. तथापि संकट आणि टोकाचा निर्णय यांच्या दरम्यान मनाची एक अवस्था असते, आणि त्या अवस्थेत कोणी वेळेवर भेटले तर जीव वाचू शकतो, हेही तितकेच खरे. ही जाण ठेवून 2015 च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. यवतमाळ त्यांपैकी एक. घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने नैराश्याची लक्षणे ओळखावीत, धीर द्यावा आणि आवश्यक तेथे रुग्णास जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठवावे, अशी त्याची रचना.

आशा ही योजना 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावात राहणारी, बहुधा त्याच गावची सून. गरोदर मातेची नोंद, बाळाचे लसीकरण, क्षयरुग्णाच्या गोळ्या, आणि आता निराश मनाची पारख. तिला प्रशिक्षण मिळाले, पत्रके मिळाली, नोंदवही मिळाली. परंतु एखाद्या घरी ती काल जाऊन आली आणि आज त्या घरातून आक्रोश ऐकू आला, तर तिने स्वतःच्या मनाचे काय करायचे, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

शब्दाची अडचण

जगभरातील समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि अलीकडे व्यावसायिक मार्गदर्शक, ज्यांना कोच म्हटले जाते, यांच्यासाठी या अडचणीवर एक उपाय रूढ झाला आहे. त्याला ते सुपरव्हिजन म्हणतात. मराठीत या शब्दाचा सरळ अर्थ पर्यवेक्षण. आणि पर्यवेक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षागृहात फेऱ्या मारणारे गुरुजी किंवा अंगणवाडीची वही तपासणाऱ्या मॅडम उभ्या राहतात. तपासणी, शेरा आणि खुलासा, असाच तो अनुभव.

येथे अभिप्रेत असलेले पर्यवेक्षण निराळे आहे. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ, कार्यकर्ता एका अनुभवी व्यक्तीसमोर किंवा आपल्यासारख्याच चार-पाच सहकाऱ्यांसमोर बसतो आणि आपल्या कामातील एक प्रसंग उलगडतो. समोरचा माणूस काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्या क्षणी आपल्या मनात काय आले, आपण कोठे घाबरलो, कोठे उगाच उपदेश केला. ऐकणारे निवाडा देत नाहीत, प्रश्न विचारतात. त्यातून कार्यकर्त्यास आपलेच काम बाहेरून दिसू लागते.

इंग्लंडमधील समुपदेशन-शिक्षिका ब्रिजिड प्रॉक्टर यांनी 1980 च्या दशकात या बैठकीची तीन कामे सांगितली. पहिले शिक्षणाचे: कौशल्य वाढावे. दुसरे मर्यादेचे: नीतिनियम पाळले जावेत, आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेवर पुढे पाठवला जावा. तिसरे विसाव्याचे: थकलेल्या मनास पुन्हा उभारी यावी. आपल्याकडील तपासणीत दुसऱ्या कामाचा थोडा अंश असतो, पहिल्याचा क्वचित. तिसऱ्याचा बहुधा पत्ताच नसतो.

या प्रथेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1920 मध्ये बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे पहिले सार्वजनिक चिकित्सालय उघडले, तेव्हा शिकाऊ चिकित्सकाने आपले रुग्ण ज्येष्ठांसमोर मांडले पाहिजेत, अशी पद्धत तेथे घडत गेली. पुढे लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट बांधले. आठवड्यातून एकदा हे डॉक्टर जमत आणि ज्या रुग्णाने आपली झोप उडवली, त्याच्याविषयी बोलत. रुग्णाला सर्वाधिक वेळा दिले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टर, आणि त्या औषधाची मात्रा मात्र कोणी अभ्यासलेली नाही, असे बालिंट यांचे म्हणणे होते. त्यांचे पुस्तक 1957 मध्ये आले. बालिंट गट आज अनेक देशांत चालतात. 1983 मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड शॉन यांनी दाखवून दिले की उत्तम व्यावसायिक केवळ ज्ञान वापरत नाही. काम करताना आणि काम झाल्यावर तो स्वतःच्या कृतीचे चिंतन करतो. कोचिंगच्या क्षेत्रातही हाच विचार पोहोचला. 1995 मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघ आपल्या प्रमाणपत्रासाठी अनुभवी मार्गदर्शकासमवेत दहा तासांचे काम आवश्यक मानतो.

गोव्यापासून मेळघाटच्या पायथ्यापर्यंत

हे सारे परदेशी आणि खर्चिक वाटेल. पण या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या अगदी शेजारी, गोव्यात झाला. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना निवडले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य व मद्यपानाच्या समस्यांवर समुपदेशन करण्यास शिकवले. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी, मद्यपानासाठी जास्तीत जास्त चार. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्यांमागे जी साप्ताहिक बैठक होती, तिच्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. रुग्णाच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित होई. मग समुपदेशकांचा गट एकत्र बसून ते ऐके आणि एका ठरलेल्या पट्टीवर गुण देई: रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले का, त्याला स्वतःच पाऊल ठरवू दिले का, पुढील भेटीची तयारी झाली का. प्रारंभी तज्ज्ञ पुढाकार घेत; हळूहळू ती धुरा सहकाऱ्यांकडेच आली. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण ताडून पाहिले, तेव्हा त्यांत बऱ्यापैकी मेळ आढळला. थोडक्यात, दर वेळी मोठ्या शहरातून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. नीट बांधलेला गट स्वतःच स्वतःचा आरसा होऊ शकतो.

विदर्भाच्या भूमीवरही अशी पावले पडली आहेत. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची साखळी होती. प्रारंभी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते. 18 महिन्यांनी हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. साखळीचे बळ तिच्या जोडांत असते. गावातील कार्यकर्त्याला ‘माझ्यामागे कोणी आहे’ ही खात्री असली, तरच तो अवघड दार ठोठावतो.

याहूनही जुने उदाहरण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 मध्ये तेथे काम सुरू केले आणि पुढे गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांचे प्रशिक्षण एकदा होऊन संपले नाही. या स्त्रिया नियमाने केंद्रावर जमत, मुक्काम करीत, आपल्या गावातील यश-अपयश एकमेकींना सांगत. जातीच्या भिंती ओलांडून एकत्र जेवण्या-निजण्याने जे धैर्य त्यांच्यात आले, ते कोणत्याही पुस्तकातून आले नसते. त्या मुक्कामाला कोणी पर्यवेक्षण म्हटले नसेल. परंतु प्रॉक्टरबाईंची तिन्ही कामे तेथे एका छताखाली होत होती.

आलोचनेची परंपरा

या पानाच्या वाचकांना या सर्वांत काही ओळखीचे जाणवेल. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिला आहे आलोचना: घडलेला दोष गुरूंसमोर जसाच्या तसा प्रकट करणे. ही शिस्त केवळ नवदीक्षितांसाठी नाही. ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात असा नियम आढळतो की छत्तीस गुणांनी युक्त, प्रायश्चित्तशास्त्रात पारंगत अशा आचार्यांनीही आपली शुद्धी दुसऱ्याच्या साक्षीनेच करावी. तेथे दृष्टांत येतो तो वैद्याचा. वैद्य कितीही निष्णात असो, स्वतः आजारी पडला की तो दुसऱ्या वैद्याला नाडी दाखवतो. श्वेतांबर परंपरेच्या ‘ओघनिर्युक्ती’तही हाच दृष्टांत आहे. ज्ञान कमी म्हणून त्याला दुसरा लागतो असे नव्हे. स्वतःचा डोळा स्वतःला दिसत नाही म्हणून लागतो.

आलोचना करताना होणारे दहा दोष दोन्ही परंपरांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि आजच्या कोणत्याही पर्यवेक्षण-बैठकीच्या भिंतीवर ते लिहून ठेवावेत इतके ते ताजे आहेत. सेवा-भेटींनी गुरूंना आधीच प्रसन्न करून घेणे हा ‘आकंपित’ दोष. गुरू सौम्य की कठोर याचा अंदाज घेत आपली दुर्बलता पुढे करणे हा ‘अनुमानित’. इतरांनी पाहिले तेवढेच सांगणे हा ‘यद्दृष्ट’. मोठ्या चुका सांगून लहान झाकणे हा ‘बादर’, तर बारीकसारीक सांगून मोठी चूक दडवणे हा ‘सूक्ष्म’. जी आशाताई बैठकीत केवळ ‘नोंदवही उशिरा भरली’ असे सांगते आणि ‘त्या घरी जायची मला भीती वाटते’ हे सांगत नाही, ती नकळत या शेवटच्या दोषात सापडते.

‘एखाद्याने असे केले तर काय करावे?’ असे आडून विचारणे हा ‘छन्न’ दोष. गलबल्यात, कोणाला नीट ऐकू जाणार नाही अशा वेळी सांगणे हा ‘शब्दाकुलित’; मासिक सभेच्या शेवटी, सर्वजण गाडी पकडायच्या घाईत असताना काढलेला गंभीर विषय याच जातीचा. अनुकूल उत्तर मिळेपर्यंत अनेकांना विचारत फिरणे हा ‘बहुजन’. ज्याला जाण नाही अशासमोर सांगणे हा ‘अव्यक्त’. आणि ज्याच्या ठायी तोच दोष आहे, अशाला निवडून त्याच्यापुढे सांगणे हा ‘तत्सेवी’. कारण तो रागावणार नाही, आणि सुधारणारही नाही.

ऐकणारा कसा असावा, याचाही विचार तेथे आहे. तो व्यवहारवान असावा, म्हणजे नियमांचा जाणकार. तो आयापायदर्शी असावा, म्हणजे सांगण्यातला लाभ आणि लपवण्यातली हानी दाखवून देणारा. गरज पडली तर मनात दडलेले बाहेर काढील असा अवपीडक असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो अपरिस्रावी असावा: तापलेल्या लोखंडाने शोषलेले पाणी जसे परत बाहेर येत नाही, तसे ऐकलेले ज्याच्यातून पाझरत नाही. लहान गावात समुपदेशन टिकेल की नाही, हे या एका गुणावर ठरते.

दोहोंतील फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. आलोचनेचे प्रयोजन आत्मशुद्धी आहे. पर्यवेक्षणाचे प्रयोजन समोरच्या दुःखी माणसाचे हित. आलोचनेत दोष सांगायचा असतो. पर्यवेक्षणात दोषाइतकाच संभ्रम, थकवा आणि कधी यशही सांगायचे असते. आलोचनेनंतर प्रायश्चित्त येते. पर्यवेक्षणानंतर पुढच्या भेटीची तयारी. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल. पण स्वतःचे काम दुसऱ्याच्या साक्षीने पाहण्याची विनम्रता दोन्हीकडे एकच आहे, आणि ती आपल्याला परकी नाही.

ढाणकीत काय होऊ शकते

समाजातील कितीतरी माणसे आज हे काम करीत आहेत. विवाहपूर्व मार्गदर्शन, युवतींच्या कार्यशाळा, परीक्षार्थींचे समुपदेशन, व्यसनमुक्ती, दुःखद प्रसंगानंतर कुटुंबाला आधार. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली, तेव्हा त्या मुलांसोबत रात्री जागणाऱ्या कार्यकर्त्यांनीही किती अश्रू आपल्यात जिरवले असतील, याची कल्पना करता येते. सेवाभाव आपल्याकडे मुबलक आहे. सेवा करणाऱ्याची सेवा ही कल्पना मात्र अजून रुजायची आहे. ‘सेवेत थकवा कसला?’ असे आपण सहज म्हणतो. आणि ज्याला थकवा कबूल करण्याची मुभा नाही, तो एक दिवस चिडचिडा होतो, कोरडा होतो किंवा काम सोडून देतो.

ढाणकीसारख्या ठिकाणी यासाठी इमारत लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. गावातील आशाताई, शिक्षक, परिचारिका, महिला मंडळातील समुपदेशिका अशा पाच-सहा जणांनी महिन्यातून एक दुपार ठरवावी. शाळेचा एखादा रिकामा वर्ग किंवा स्थानकाची खोली पुरेशी आहे. दर वेळी एकानेच एक प्रसंग मांडावा. नाव, आडनाव, गल्ली, धंदा, ओळख पटेल असे काहीही न सांगता. गाव इतके लहान असेल की तरीही ओळख पटेल, तर शेजारच्या गावातील गटाशी जोडून घ्यावे. उमरखेडच्या कार्यकर्त्याने ढाणकीत आणि ढाणकीच्या कार्यकर्त्याने उमरखेडला बोलावे. पहिली काही मिनिटे कोणीही मध्ये बोलू नये. त्यानंतर प्रश्न विचारावेत. सल्ला शेवटी, आणि तोही मागितला तरच. दोन-तीन महिन्यांतून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांना, प्रत्यक्ष वा दूरध्वनीवरून, त्या बैठकीत सामील करून घ्यावे. आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या बैठकीचा अहवाल मागू नये. ज्या क्षणी तिची तपासणी होईल, त्या क्षणी ‘यद्दृष्ट’ दोष तेथे शिरेल.

एक मर्यादा गटाने कधीही ओलांडू नये. एखाद्याच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही. गोपनीयतेचे वचन जीव वाचवण्याच्या आड येत नाही. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील विश्वासू व्यक्तीला जवळ बोलवावे, विषारी औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी, रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक जसा रुग्णासाठी आहे, तसाच भांबावलेल्या कार्यकर्त्यासाठीही आहे.

पर्युषणाच्या अखेरीस आपण एकमेकांना क्षमा मागतो, तेव्हा वर्षभर साचलेले मनातून उतरते. दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्याला वर्षभर थांबणे परवडत नाही. त्याला महिन्याकाठी तरी ओंजळ रिकामी करावी लागते. ढाणकीच्या एखाद्या अंगणातून संध्याकाळी परतणारी आशाताई आज कोणाच्या तरी काळजीचे ओझे घेऊन निघाली असेल. ते उतरवून ठेवण्यासाठी तिला एक दार माहीत असावे, आणि तेथे बसलेला माणूस अपरिस्रावी असावा. उद्या सकाळी तिला पुन्हा त्याच अंगणात जायचे आहे.